बापटकाकांची पळी

बापटकाकांच्या शेकोटीभोवती हातात पळी असल्याशिवाय बोलता येत नाही. पळी म्हणजे साधी आमटी वाढायची, स्टीलची, लांब दांड्याची. ज्याच्या हातात पळी तो बोलणार, बाकीच्यांनी त्याच्या तोंडाकडे बघत ऐकायचं. तुम्हाला कितीही भारी विनोद सुचो, आधी हात वर करून पळी मागायची. ती सात-आठ हातांतून फिरत तुमच्यापर्यंत येते, तोवर विनोदाचा पार भात होतो. मला मध्ये बोलायची खोड आहे. मी तोंड उघडलं की काका माझ्याकडे न बघता म्हणतात, "हिंग, पळी." पहिल्या वर्षी मला वाटलं, स्वयंपाकाचं चाललंय. मी मुकाट्यानं उठून हिंगाचा डबा आणि पळी दोन्ही नेऊन दिलं.

हिंग म्हणजे मी. म्हणजे आमची आरव्ही. आता हे नीट सांगते.

आम्ही डब्लिनचे. आयर्लंडच्या नव्हे, अमेरिकेतल्या ओहायोच्या. समुद्र वगैरे काही नाही, ऑफिसं, मक्याची शेतं आणि दर शनिवारी कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये पॉटलक, म्हणजे प्रत्येकानं एकेक पदार्थ आणून केलेली पंगत. दर उन्हाळ्यात आमच्यातली पाच कुटुंबं आरव्ही घेऊन एका रांगेत निघतात. आरव्ही म्हणजे चाकांवरचं घर, शेगडी-पलंग-संडास सगळं आत. आमच्या चौघांच्या भाड्याच्या, बापटकाकांची स्वतःची. ते या काफिल्याचे पुढारी. काका रिटायर्ड आहेत, जन्मभर रस्ते खात्यात सिग्नल बसवायचं काम केलं. लाल, पिवळा, हिरवा, एका वेळी एक. त्यामुळे माणसांनाही ते चौकातल्या गाड्यांसारखं वागवतात, असं आमचं सगळ्यांचं मत होतं.

गाड्यांची नावं फोडणीच्या क्रमानं. सगळ्यात पुढे काकांची मोहरी. मोहरी तडतडल्याशिवाय कुणी हलायचं नाही. मग जिरं, म्हणजे निखिल, पुण्याचा, आमच्यात सगळ्यात तरुण. मग आम्ही हिंग. "तुझा आवाज लांबूनच कळतो म्हणून," असं काकांनी मला तोंडावर सांगितलं होतं. मागे हळद, तिच्यामागे कढीपत्ता. कढीपत्ता हळदीच्या आधी की नंतर, यावर एका वर्षी अख्खं इंडियाना राज्य संपेपर्यंत वॉकीटॉकीवर वाद चालला होता, अर्थात एका वेळी एक. आणि सगळ्यात शेवटी कोथिंबीर. म्हणजे शैलाकाकू, काकांच्या बायको, आपल्या छोट्या निळ्या गाडीत. कुणाचं दार उघडं राहिलं, कुणाचा दिवा बंद आहे, कोण मागे पडलं, हे बघायचं काम त्यांचं.

वॉकीटॉकीचे नियम तर विचारू नका. आधी आपलं नाव, मग ज्याच्याशी बोलायचं त्याचं, मग निरोप, आणि शेवटी "पोचलं?" समोरच्यानं निरोप परत म्हणून दाखवायचा आणि म्हणायचं, "पोचलं." ते ऐकल्याशिवाय काका पुढचा शब्द बोलत नाहीत. एकदा मी वैतागून नुसतंच "हो हो" म्हटलं, तर अख्खा काफिला पेट्रोल पंपावर उभा ठेवला त्यांनी.

शेकोटीचा आणखी एक ताप म्हणजे दिवा. इतक्या लांब रानात जायचं, वर आभाळभर चांदण्या, आणि काका मधोमध एक ढणढणता दिवा उभा करणार. "तोंडं दिसली पाहिजेत," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पाठीमागून हाक मारायची नाही. तोंडासमोर कप धरून बोलायचं नाही. घास खाऊन मग बोला. आमची ईशा तेरा वर्षांची, इथेच जन्मलेली, ती म्हणते, "Aai, this is literally kindergarten." मी तिला दटावते, पण मनातून पटतं.

काकूंचं मात्र एक कोडं होतं. काफिल्यात ही बाई म्हणजे फटाका. मागच्या वर्षी वॉकीटॉकीवर त्यांचा शांत आवाज आला, "कोथिंबीर टू हिंग. तुमच्या मागच्या खिडकीला मंदाररावांची चड्डी लटकतेय. लाल आहे, त्यामुळे मागचा ट्रक ब्रेक मारतोय. पोचलं?" मंदार म्हणजे माझा नवरा. नियमानुसार तो निरोप त्याला स्वतःच्या तोंडानं परत म्हणून दाखवावा लागला. बाकीच्या गाड्यांत लोक हसून लोळत होते.

आणि याच काकू डब्लिनमध्ये पॉटलकला आल्या की मुक्या. कोपऱ्यात बसून हसतील, मान हलवतील, दहा मिनिटांत उठून स्वयंपाकघरात दुसऱ्यांची भांडी घासायला लागतील. काही विचारलं तर "छान, छान." दोन-तीन जणी त्यांना शिष्ट म्हणायच्या. मी काकूंची बाजू घ्यायचे, पण मलाही कळायचं नाही की या बाईला घरात होतं तरी काय.

या वर्षी मिशिगनला गेलो होतो. शेवटच्या मुक्कामाच्या आदल्या दिवशी बंड झालं. निखिल म्हणाला, "यार, वॉकीटॉकी कोण वापरतं आता? ॲप आहे. सगळे एकदम लाइनवर राहू, गप्पा मारत ड्राइव्ह करू. रात्री दिवे बंद, मस्त चांदण्यात बसू. पुढच्या वर्षी मी लीड करतो. काकांना आपण ॲडव्हायझर करू." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीसुद्धा. पळीला मी पुरती कंटाळले होते.

प्रश्न एवढाच की काकांना सांगायचं कुणी? वर्षभर तो माणूस या एका आठवड्यासाठी जगतो. मार्चपासून नकाशे पसरून बसतो. सगळ्यांचे डोळे फिरून फिरून माझ्यावर आले. "तुझ्या जिभेला हाड नाही," मंदार म्हणाला, "तूच सांग." नवरा म्हणून घेतो स्वतःला!

दरवर्षी काफिला मोडला की सगळे आपापल्या घरी जातात, आणि काका-काकू शेवटच्या कॅम्पग्राउंडवर दोन-तीन दिवस मागे राहतात. "आमचं विश्रांतीचं खातं," असं काका म्हणतात. आमची आरव्ही सोमवारपर्यंत भाड्यानं होती, म्हणून आम्हीही थांबलो. निखिलनं जाताना हळूच सांगितलं, "Respectfully सांग हं." जसं काही मी त्यांना दगड मारणार होते.

काकांची विश्रांती बघितली आणि मला धाप लागली. सकाळी आवाज, "मोहरी टू सर्व. आज मुक्काम. कुणीही निघायचं नाही. पोचलं?" सर्व म्हणजे काकू आणि आम्ही, वीस पावलांवर चहा पीत बसलेले. मग त्यांनी पाण्याचे पाइप धुतले, वाळवले, गुंडाळले. खुर्च्या उन्हात टाकल्या. रिकाम्या जागांवरून फेऱ्या मारल्या आणि जिऱ्याच्या जागेवर तंबूची एक खुंटी सापडली तर तिच्यावर निखिलचं नाव घालून ठेवली. मी दोनदा तोंड उघडलं. एकदा ते गाडीखाली होते, एकदा छपरावर. इतक्या उंचीवरच्या माणसाला पुढारीपण सोडा म्हणून सांगणं बरं दिसत नाही.

दुपारी जेवणं झाली आणि काकूंनी कानात इअरफोन घातला, वॉकीटॉकी कमरेला लावला आणि निघाल्या. कॅम्पग्राउंडला लागून छोटंसं तळं आहे. त्याला वळसा घालून त्या पलीकडच्या काठावर बाकावर जाऊन बसल्या. इकडे काका अलीकडच्या काठाला खुर्ची टाकून बसले, वॉकीटॉकी तोंडाशी. मला वाटलं, भांडलेत की काय. इतकी वर्षं एकत्र राहून आठवडाभर गाडीत काढला तर भांडण व्हायचंच. मंदार आणि ईशा पोहायला गेले होते. मी म्हटलं, चला, काका एकटे सापडलेत, उरकून टाकू. आणि मी त्यांच्या मागे जाऊन उभी राहिले.

काका वॉकीटॉकीवर बोलत होते. हळूहळू, एकेक शब्द सुटा करून.

"मंगळवारचं. आपण दुसऱ्या मुक्कामाला पोचलो, सामान उतरवत होतो, अंधार पडला होता. तिथे पाटी होती, अस्वलं येतात, खाणं कुलपात ठेवा. पोचलं?"

"पोचलं," तिकडून काकू.

"तेव्हा मंदार म्हणाला, अस्वल आलं तर घाबरू नका. पोचलं?"

"पोचलं."

"नुसता आमच्या हिंगाचा डबा उघडा ठेवा. पोचलं?"

"पोचलं."

"अस्वल स्वतःच झाकण लावून, कुलूप घालून जाईल. पोचलं?"

या वेळी ‘पोचलं’ आलं नाही. मग काकूंचं हसू आलं, आणि वॉकीटॉकीवरून नव्हे, थेट तळ्यावरून आलं. पलीकडे त्या बाकावर पोट धरून वाकल्या होत्या. काका इकडे खुर्चीत तृप्त होऊन बसले होते.

विनोद अर्थात माझ्यावर होता. मंगळवारी त्यावर मी मंदारशी तासभर बोलले नव्हते, त्यामुळे तो मला चांगलाच लक्षात होता. आणि हेही लक्षात होतं की काकू तेव्हा सगळ्यांबरोबर हसल्या होत्या. डोळे पुसून हसल्या होत्या! मला राहवलं नाही.

"काका, हे त्यांनी ऐकलं होतं की! त्या तेव्हाच हसल्या होत्या."

काका दचकले. मागे वळून बघितलं. मग वॉकीटॉकीत म्हणाले, "मोहरी टू कोथिंबीर. चहाची सुट्टी. पोचलं?" तिकडून "पोचलं" आलं, तेव्हा तो खाली ठेवला.

"हसली होती," काका म्हणाले. "ऐकलं नव्हतं."

"म्हणजे?" मी विचारलं.

"अंधारात तुम्ही सगळे एकदम बोलत होतात. तिला तोंडं दिसत नव्हती. तुम्ही हसलात म्हणून ती हसली. तीन-चार वर्षं झाली, ऐकू येणं कमी कमी होत चाललंय. कानाचं मशीन आणलंय, ते ड्रॉवरमध्ये. एक माणूस समोर बसून मोठ्यानं बोलला तर कळतं. दहा जण बोलले की नुसता बाजार कानात, म्हणते. हा वॉकीटॉकीचा इअरफोन बरा पडतो. आवाज वाढवता येतो आणि एका वेळी एकच माणूस."

एका वेळी एकच माणूस. पळी. दिवा. तोंडासमोर कप नको. पाठीमागून हाक नको. "पोचलं?" माझ्या डोक्यात एकेक नियम धाडधाड येऊन बसायला लागला. पॉटलकमधली घासलेली भांडीसुद्धा.

"मग सांगायचं नाही का आम्हाला? आम्ही काय परके आहोत?" माझा आवाज नको तितका चढला.

"ती नको म्हणाली. तिच्या आईचं असंच झालं होतं. एकदा कळलं की लोक आधी ओरडून बोलतात, मग थोडक्यात बोलतात, मग ‘जाऊ दे, काही नाही’ म्हणतात. म्हातारी शेवटी भिंतीकडे तोंड करून बसायची. शैला म्हणाली, कुणाला सांगायचं नाही. मी म्हटलं, ठीक. सांगितलं नाही, नियम केले." काकांनी चष्मा पुसला. "मला लोक चक्रम म्हणतात ना? म्हणू दे. चक्रम माणसाचे नियम लोक शिव्या घालत का होईना, पाळतात."

"आणि हे तळ्यापलीकडे कशाला?"

"जवळ बसलो की मला ओरडावं लागतं. एका वर्षी शेजारच्या तंबूतली बाई विचारायला आली, सगळं ठीक आहे ना म्हणून. नवरा बायकोवर ओरडतोय असं वाटलं तिला." काका हसले. "मी आठवड्याचं सगळं डोक्यात ठेवतो. जे तिच्याकडून सुटलं असेल ते. गाडी चालवताना, चालताना, पाठमोरे तुम्ही जे बोलता ते. मग इथे थांबून एकेक सांगतो. आज मंगळवारचं सांगून झालं, अजून चार दिवसांचं बाकी आहे. विनोद सांगायला मात्र मला जमत नाही गं."

जमत नाही म्हणे! मी तळ्याकडे बघायला लागले. पलीकडे काकू बदकांशी काहीतरी बोलत होत्या.

"आता तुझं बोल," काका म्हणाले. "सकाळपासून माझ्यामागे फिरतेयस. निखिलला लीड करायचंय ना? मला डोळे आहेत. कान तर आहेतच."

मी चोरासारखी मान हलवली.

"दे त्याला. चांगला मुलगा आहे, गाडी नीट चालवतो. ॲप काय ते वापरू दे." त्यांनी वॉकीटॉकीची एरियल खाली ढकलली. "फक्त दिवा ठेवा म्हणावं. कारण सांगू नकोस. म्हातारा हट्ट धरून बसला म्हण. बाकी पळी गेली तरी... तरी दिवा असला की निम्मं तरी कळेल तिला."

निम्मं! जी बाई अख्ख्या काफिल्याला हसवते, तिनं पुढच्या वर्षीपासून निम्म्यावर हसायचं, तेही आम्हाला चांदण्या दिसाव्यात म्हणून. आणि त्याच्या पुढच्या वर्षी ती येणारच नाही, "छान, छान" म्हणून घरी बसेल, हे काय मला कळत नव्हतं? मला भयंकर राग आला. कुणाचा, ते विचारू नका. निखिलचा नाही, तो बिचारा काय करणार? मी तिथून निघाले, आमच्या आरव्हीमागे गेले आणि त्यालाच फोन लावला.

"बोललीस?" निखिल म्हणाला. "काय म्हणाले?"

"बोलले. ते ऐकायला तयार नाहीत."

"म्हणजे?"

"म्हणजे लीड तेच करणार. वॉकीटॉकी राहणार. पळी राहणार. दिवा तर दोन करणार म्हणतायत."

"यार! दोन? तू नीट समजावलं नाहीस का?"

"समजावलं रे. पण तुला माहितीये ना, चक्रम माणूस आहे. मी सांगते ऐक, या वयात त्यांच्याशी कुणी वाद घालू नका. आणि जास्त कुरकुर केलीस तर तुझी तंबूची खुंटी परत मिळणार नाही."

तो "what खुंटी?" म्हणेपर्यंत मी फोन ठेवला होता. काकांना जाऊन सांगितलं, निखिलला ऑफिसचं फार काम आहे, पुढच्या वर्षी लीड करायला जमणार नाही म्हणाला. काकांनी माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं. उठून छपरावर चढले आणि तिथली पुसलेली खिडकी परत पुसायला लागले.

संध्याकाळी शेकोटीला आम्ही पाचच माणसं. मंदारला मी तळ्यावरच सगळं सांगितलं होतं, ईशाला नुसतं "आज गुपचूप नियम पाळ" एवढंच. काकांनी सवयीनं दिवा उभा केला. पळी तिकडे आमटीच्या पातेल्यात होती, पाच माणसांत तिची गरज नाही म्हणून त्यांनी मधोमध आणून ठेवली नव्हती. काकू भाकरी वाढत होत्या.

मी उठले, पातेल्यातून पळी काढली, धुतली. ईशा म्हणाली, "Oh no, not you too." काकूंच्या पाठीमागून न जाता मी शेकोटीला वळसा घालून त्यांच्या समोर आले, दिव्याच्या उजेडात, आणि पळी हातात धरून उभी राहिले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा न मागता.

"हिंग टू कोथिंबीर," मी म्हटलं. "या दिवाळीचा फराळ माझ्या घरी आहे. बेसमेंटमध्ये सगळे दिवे लावणार आहे. तुम्ही ही पळी घेऊन यायचं. माझ्या घरात पळीशिवाय कुणीही बोलणार नाही, मीसुद्धा नाही. आणि भांड्यांना हात लावायचा नाही. पोचलं?"

काकूंनी हातातली भाकरी खाली ठेवली. माझ्याकडे बघितलं, मग वळून काकांकडे बघितलं. काका घाईघाईनं शेकोटीतलं एक चांगलं जळणारं लाकूड उगाच इकडून तिकडे सरकवायला लागले. मला वाटलं, झालं, मी घात केला, आता या उठून आत जाणार.

काकू उठल्या. माझ्या हातातून पळी घेतली. मग नियमानुसार निरोप परत म्हणून दाखवायला लागल्या, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, "दिवाळी तुझ्याकडे. सगळे दिवे. पळी मी आणणार. भांडी नाहीत." एवढं म्हणून थांबल्या. पळीचा दांडा त्यांनी घट्ट धरला होता. "तुझ्यासाठी पळी कशाला गं? तुझा आवाज तर तळ्यापलीकडेही आला दुपारी. ‘आम्ही काय परके आहोत’ म्हणून ओरडलीस ना?"

(हे लिहायची परवानगी काकूंनीच दिली, नाव बदल आणि मला म्हातारी दाखवू नकोस, या दोन अटींवर. पहिली पाळली आहे. दुसरीची गरज नाही.)

मी काय बोलणार? पळी माझ्या हातात नव्हती. काकूंनी ओढणीच्या टोकानं डोळे पुसले, पळी काकांच्या हातात दिली आणि माझ्याकडे वळल्या.

"पोचलं," त्या म्हणाल्या.